वासना उराली

"वासना उरली म्हणे." मनस्वीने चहाचा कप दीपेशसमोर ठेवला. "आई भामामावशींना फोनवर सांगत होत्या. बाल्कनीचं दार उघडं होतं, मला स्वयंपाकघरात ऐकू आलं."

"कुणाची?"

"घरात दुसरा पुरुष कोण आहे?" ती हसली. हसण्याला धार होती. "उरली असेल तर सांगा तरी कुठे ठेवलीय. मला आठ महिन्यांत दिसलेली नाही."

दीपेश हसला नाही. त्याने कप उचलला, ओठाला लावला आणि परत बशीत ठेवला. मनस्वी साताऱ्याकडची. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी या घरातल्या बोलीतली काही अक्षरं तिच्या कानात शिरत नसत. आगरी बोलण्यात 'ड'चा 'र' होतो. घोडा घोरा होतो, गाडी गारी होते, हळदीच्या घरी तळलेले वडे वरे होतात. आई 'उरली' म्हणाली नसणार. ती म्हणाली असणार 'उराली'. म्हणजे उडाली. मनस्वीच्या कानात शिरता शिरता जे गेलं होतं ते शिल्लक राहिलं होतं. आणि वासना. मनस्वीच्या भाषेत वासनेची जागा एकच, पुरुषाच्या पोटाखाली. आईच्या भाषेत ती ताटावर असते. अन्नावरची वासना. ती उडाली असं गावात कोणी ऊठसूट म्हणत नाही. तापलेल्या पोराबद्दल म्हणत नाहीत, तोंडाची चव गेलेल्या बाळंतिणीबद्दल म्हणत नाहीत. ज्याचं आता फार राहिलेलं नाही त्याच्याबद्दलच म्हणतात, तेही आवाज खाली आणून. मग घरोघरी नातेवाईक डबे भरायला लागतात.

म्हणजे आईला वाटतंय, मी चाललो.

बाल्कनीत आई पाटावर बसून सुकट निवडत होती. पाठमोरी. कमळाबाईची पाठ एके काळी रुंद होती, मिठाची पाटी डोक्यावर घेऊन बांधावरून चालताना ती हलत नसे. आता उन्हाची तिरीप खांद्यावर पडली होती आणि पोलक्याचा खांदा आत काही नसल्यासारखा खाली उतरला होता. काखेशी तिने तो पिनेने आवळून घेतला होता. दीपेशला ते दिसलं, भिंतीवरचं कॅलेंडर दिसतं तसं. त्याचं लक्ष स्वतःच्या मनगटाकडे होतं. घड्याळाचा पट्टा परवाच आणखी एक भोक आत गेला होता आणि त्याचा त्याला आनंद झाला होता. त्या आनंदावर कुणीतरी इतके दिवस बाल्कनीतून नजर ठेवून होतं, आणि तिने त्याचा अर्थ मरण असा लावला होता.

गाडी उरण नाक्यावरून बाहेर काढताना त्याने मागचे महिने पुन्हा तपासून पाहिले. जेवताना आई समोर बसते. तिचा नेम जुना. आधी नवऱ्याच्या मागून जेवायची, तो गेल्यावर मुलाच्या मागून. आपल्या ताटात हात घालण्याआधी विचारायचं, "जेवलास का?" "जेवलो." "बरं. मी पन जेवते." गावात हा प्रश्न रामराम म्हणावा तसा विचारतात, पण आई खरोखर विचारत असे, आणि उत्तराशिवाय भाताला हात लावत नसे. गेल्या काही महिन्यांत तो अर्धी भाकरी कागदी रुमालात गुंडाळून खिशात घालत होता, खाली उतरल्यावर ती वॉचमनच्या कुत्र्याला देत होता. वर "जेवलो" म्हणत होता. कुत्रा अंगाने सुटला होता. "जेवलो" हा शब्द त्याच्या तोंडात इतका गुळगुळीत झाला होता की मान वर न करता, फोनवरून नजर न काढता तो ओठांबाहेर पडायचा. आणि आईही अलीकडे "जेवते" म्हणत नसे, "मी पन जेवली" म्हणायची. कधी जेवली, कुठे बसून जेवली, हे त्याने विचारलं नव्हतं. त्या घरात तो प्रश्न त्या दिशेने कधी गेलाच नव्हता.

इंजेक्शनचं त्याने तिला सांगितलं नव्हतं. मनस्वीलाही बजावलं होतं. फ्रिजच्या दारात अंड्यांशेजारी तो लहानसा खोका असायचा. आईने एकदा विचारलं, तेव्हा "साखरेचं औषध" म्हणून टाकलं. लाज वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं. ऑफिसमधल्या दोघांनी ते घेतलं होतं, एकाने तर हळदीत नाचता यावं म्हणून. पण ज्या बाईने उधारीच्या तांदळाची पेज करून त्यातला वरचा निवळ आपण प्यायला आणि खालची शितं पोराला घातली, तिला कसं सांगणार की तुझा मुलगा भूक मरावी म्हणून पोटात सुई टोचून घेतो, आणि त्यासाठी डॉक्टरकडे रांगेत बसतो.

डॉक्टर टपाल नाक्याजवळचे. हुशार, बोलायची हौस असलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी कागदावर मेंदूचं चित्र काढलं आणि त्याच्या बुडाशी एक बदाम काढला. "भूक पोटात लागते असं तुम्हाला वाटतं. पोट फक्त निरोप धाडतं. रिकामं झालं की एक संप्रेरक सोडतं, घ्रेलिन. ते आरडाओरडा करणारं. चरबी दुसरं सोडते, लेप्टिन. ते सांगतं, कोठारात माल आहे, घाई नको. तुमच्यासारख्यांच्या अंगात ते भरपूर असतं, पण मेंदूने त्याचं ऐकणं सोडून दिलेलं असतं. घरातल्या म्हाताऱ्याचं सोडतो तसं. आणि जेवण सुरू झालं की आतडं तिसरं एक सोडतं. ते म्हणतं, पुरे. पण त्याचा आवाज क्षणात विरतो." मग त्यांनी पेन त्या बदामावर टेकवलं. "हा सगळ्यांचं ऐकतो आणि ठरवतो. तुमच्या डोक्यात दिवसभर पंगत बसलेली आहे. तुम्ही ताटावर हात आडवा धरता आणि वाढपी वाढतच राहतो. हे औषध म्हणजे त्या 'पुरे'ची नक्कल. फक्त ती विरत नाही, आठवडाभर आत बसून पुरे, पुरे म्हणत राहते."

दीपेशला ते पटलं होतं. पंगत त्याला माहीत होती. सकाळी डोळे उघडण्याआधी ती सुरू व्हायची. काल उरलेलं कालवण फ्रिजमध्ये कुठल्या भांड्यात आहे इथपासून ती चालू व्हायची, आणि गव्हाण फाट्यावरचा वडेवाला, दुपारचा डबा, चारची भजी, घरी जाताना मिरची गल्लीतलं फरसाण, असं करत करत झोपेच्या काठापर्यंत चालायची. एखाद्या बैठकीत समोरचा माणूस भाड्याच्या दराबद्दल बोलत असायचा आणि दीपेश मान हलवत मनात बोंबील तळत असायचा. पहिल्या सुईनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो गाडी चालवत होता आणि एकाएकी त्याला जाणवलं, आत कोणी बोलत नाही. त्याने रेडिओ बंद करून पाहिलं. काहीच नाही. पंगत उठली होती, पत्रावळी उचलल्या होत्या, जमीन सारवून झाली होती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी शांतता त्याला आयुष्यात कधी मिळाली नव्हती.

या शांततेची ओळख मात्र जुनी होती, हे त्याच्या नंतर ध्यानात आलं. जासईला त्याचं यार्ड होतं, रिकाम्या कंटेनरांचं. धंद्यात त्यांना एम्टी म्हणतात. सुरुवातीला तो दुसऱ्याच्या यार्डात एम्टी तपासायच्या कामावर होता. काम असं, की रिकाम्या कंटेनरात शिरायचं आणि बाहेरच्याला दार लावून घ्यायला सांगायचं. आत मिट्ट काळोख. मग गोल फिरून पाहायचं, कुठून उजेडाचा टिपका येतो का. आला, तर तिथे पत्र्याला भोक आहे, पाणी शिरेल, माल भिजेल. नाही आला तर बाहेर येऊन खडूने फुली मारायची. पहिल्या दिवशी त्याचा जीव घुसमटला होता. पुढे त्याला त्या काळोखाची चटक लागली. आता आठ महिने तो आतून बंद होता, आणि कुठूनही टिपका येत नव्हता.

कारण गेली ती एकटी भूक नव्हती. डॉक्टरांनी तेही जाता जाता सांगितलं होतं, की मेंदूत जिलबीची ओढ ज्या वाटेने जाते त्याच वाटेने बाकीच्या ओढीही जातात. काहींची दारू सुटते, काहींची खरेदी. सगळ्यांचं होतं असं नाही, अजून अभ्यास चालू आहे. दीपेशने तेव्हा मान हलवली होती. पुढे एके रात्री मनस्वीने त्याच्या छातीवर हात ठेवला, तेव्हा त्याला तो हात नीट कळला, त्याचं वजन, बांगडीचा गारवा. आणि त्यापुढे काही नाही. जणू हाताने दार वाजवलं आणि आतलं बिऱ्हाड सोडून गेलेलं. पुतण्याच्या लग्नात बेंजो वाजत होता आणि त्याला त्याचा आवाज फक्त मोठा वाटला. मग त्याला एक शंका आली, आणि ती गेली नाही. ज्याला आपण प्रेम म्हणत होतो, बायकोवरचं, गावावरचं, आईवरचं, ती सगळी भूकच नव्हती ना? आईला आठवायचं तर त्याला तिचा चेहरा आठवत नसे, निवट्यांचं कालवण आठवे. खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या त्या ओंगळ मासळीचं, लालभडक, वर कोथिंबीर, आणि तांदळाची भाकरी हातावर थापल्याचा आवाज. कालवण वजा केलं तर खाली आई किती उरते, हा हिशेब त्याने मांडला आणि अर्ध्यावर सोडला.

त्या पहिल्या भेटीत निघताना डॉक्टरांनी आणखी एक वाक्य टाकलं होतं. "हे औषधाने होतंय, तोवर चिंता नाही. औषधाशिवाय कुणाची भूक गेली, विशेषतः वय झालेल्या माणसाची, तर मात्र वाट पाहू नका. ताबडतोब आणा." दीपेशने तेव्हाही मान हलवली होती.

यार्डाच्या केबिनमध्ये बसल्यावर त्याला बाप आठवला. आनंदा मिठागरावर राबला, बंदरासाठी जमीन गेल्यावर त्याच बंदराच्या गेटवर राबला, आणि दीपेश कॉलेजात जायच्या वर्षी पिवळा पडून झोपला. एके दिवशी आईने ओटीवर येऊन बायकांना सांगितलं, "वासना उराली त्यांची." संपलं. कोणी दवाखान्याचं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी डबे यायला लागले. रीत अशी, की जो जाणार त्याचा जीव कुठल्याशा चवीत अडकलेला असतो; ती चव त्याला मिळावी, म्हणून प्रत्येकाने आपल्याला आठवेल तो पदार्थ करून न्यायचा. भामामावशीने चिंबोऱ्या आणल्या. कोणी वालाचं बिरडं, कोणी भाजलेली वाकटी. प्रत्येक जण उशाशी बसून विचारायचा, "आनंदा, काय खावंसं वाटतंय?" आणि डब्याचं झाकण काढून वास त्याच्या नाकाशी न्यायचा. बाप मान भिंतीकडे फिरवायचा. मग आई ते ताटात वाढून कोपऱ्यात उभ्या असलेल्या दीपेशच्या हातात द्यायची. "तू खा." आणि तो खायचा. त्याला आठवत होतं, घशाखाली दुःख होतं आणि तरी चिंबोरीची नांगी फोडताना तोंडाला पाणी सुटत होतं; आणि मरणाऱ्या नवऱ्याकडे पाठ करून आई त्याच्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर त्या पंधरवड्यात दिसलेलं तेवढंच समाधान. घरातली एक भूक विझत होती आणि दुसरी पेटलेली होती. तिच्या हिशेबाने घर अजून चालू होतं.

आता तीच बाई आपल्या मुलासाठी डबे बोलावणार होती. दीपेशने खुर्ची मागे रेलली. त्याला अपराधी वाटायला हवं होतं आणि थोडं वाटलंही. पण त्याखाली काहीतरी गोड, चोरटं हललं. माझ्यासाठी आई भामामावशीकडे रडते. आठ महिन्यांत आत हललेली ती पहिली गोष्ट होती, म्हणून त्याने ती लगेच झटकली नाही. दोन-चार दिवस तो त्या जाणिवेसोबतच राहिला. जेवताना आई आपल्याकडे कशी पाहते ते पाहू लागला. ती पाहायची, मग नजर खाली घ्यायची. "जेवलास का?" "जेवलो." "मी पन जेवली." तिच्या आवाजात थकवा होता. तो आपल्या काळजीचा आहे असं त्याने धरलं.

शुक्रवारी मनस्वी म्हणाली, "रविवारी तुमची माणसं येतायत. मामा, मावशी. काही विशेष?"

"काही नाही. सहजच."

"सहज? भामामावशी फोनवर रडत होत्या."

"त्या रडतातच."

रविवारी सकाळी त्याने ठरवलं, सांगून टाकायचं. सगळ्यांसमोर, एकदाच. त्याने दाढी केली, नवा शर्ट घातला. खांद्यावर चोख बसणारा. आरशात पाहताना त्याच्या मनात आलं की मरणारा माणूस असा दिसत नाही, आणि आज ते त्यांना दाखवूनच द्यायचं. रिपोर्टांची फाईल त्याने टीपॉयखाली आणून ठेवली.

ते अकराच्या सुमारास आले. पांढऱ्या टोपीतले कमलाकरमामा, आईचे थोरले भाऊ. मागून धापा टाकत भामामावशी, दोन्ही हातांत पिशव्या. लिफ्टमध्येच मासळीचा वास भरला असणार, कारण शेजारच्या दाराला फट पडून बंद झाली. मावशीने डबे टेबलावर मांडले. एकावर एक, स्टीलचे, कापडाने बांधलेले. झाकण काढायच्या आधीच दीपेशला कळलं, की हे निवट्यांचं. वास आला, नाव कळलं, आणि तिथेच थांबलं. जीभ कोरडी राहिली. आत कुणीतरी शांतपणे म्हणालं, पुरे.

आई आतल्या खोलीतून भिंतीला धरून आली आणि सोफ्याच्या कडेला बसली. मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ते वाकून काही विचारणार एवढ्यात दीपेशने घसा साफ केला.

"मामा, मावशी, थांबा. आधी माझं ऐका. आईने तुम्हाला काय सांगितलंय ते मला माहीत आहे." तो शहरी मराठीत बोलत होता, ऑफिसात बोलावं तसं. "माझी वासना उडाली, मी जेवत नाही, हे खरं आहे. पण मला काही झालेलं नाही. मी इंजेक्शन घेतो, वजनासाठी. आठवड्यातून एकदा. त्याने भूक मरते, मुद्दाम मारलेली आहे. साखर, कोलेस्टेरॉल, सगळं उत्तम आहे. रिपोर्ट दाखवतो." तो वाकला, फाईल काढली. "आईला उगाच घाबरवायचं नव्हतं, म्हणून बोललो नाही. चुकलं माझं. पण तुम्ही माझी काळजी करू नका."

फाईल त्याच्या हातात तशीच राहिली. मामा त्याच्याकडे पाहत होते, वाटेत आडव्या आलेल्या माणसाकडे पाहावं तसे.

"तुझी?" मामा म्हणाले. "तुला काय झालंय रं? तुला काय धार भरलीय! आमी कमळीला बघाया आलो."

भामामावशीने पदर तोंडाशी नेला. "बाय माझी दोन महिने झाले सांगते, भामे, माझी वासना उराली. घास नुसता तोंडात फिरते, खाली उतरत नाय. मी बोलली, दीपेशला सांग. तर बोलते, त्याला कशाला, त्यालाच जेवान जात नाय." मग तिचा आवाज चिरला. "अंगावरचा पोलका बघ रं तिचा. पिना लावून उभा केलाय. तुझ्या डोळ्यांना दिसला नाय? एका घरान राहतास ना?"

"डॉक्टरला दाखवलास?" मामांनी विचारलं.

दीपेशला डॉक्टरांची खोली दिसली. दर महिन्याची रांग, वजनकाट्यावर पायताण काढून उभं राहणं, आकडा उतरला की डॉक्टरांनी टेबलावर वाजवलेली टिचकी. त्या खोलीत तो किती वेळा गेला होता. एकटा.

"अहो..." स्वयंपाकघराच्या दारातून मनस्वी म्हणाली आणि थांबली. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा ते वाक्य उलगडत होतं. 'उरली' नव्हे. आणि त्याची नव्हे. बाल्कनीतलं बोलणं तिने अर्धंच ऐकलं होतं, उरलेलं अर्धं तिच्या टोमण्याने भरलं, आणि त्या टोमण्यात दीपेशने स्वतःला आरामात बसवून घेतलं होतं.

"आता कशाला त्याला बोलता?" आई म्हणाली. इतका वेळ ती डब्यांकडे पाहत होती. "पोरगा सुकलाय. त्याला वाढा आधी."

"बघ!" मावशी म्हणाली. "अजून याच्या मागनंच जेवायचं हाय तिला. हा सुया टोचून घेते, आनी ही याच्या 'जेवलो'ची वाट बघत बसते."

मामा उठून बहिणीजवळ बसले. त्यांनी झाकण काढलं, डबा तिच्या नाकाशी नेला आणि दीपेशने ते शब्द पुन्हा ऐकले, इतक्या वर्षांनी, तसेच. "कमळे, काय खावंसं वाटतंय?" आईने मान भिंतीकडे फिरवली. सावकाश, उद्धटपणे नव्हे. पाहुणा आग्रहाला नको म्हणतो तशी. दीपेश टेबलापाशी उभा होता आणि त्याला कळत होतं, की इथे माणसाच्या पोटात काहीतरी तुटतं. खड्डा पडतो, म्हणतात. त्याने वाट पाहिली. पोट गप्प होतं. भावना येणार त्या वाटेवर त्याने आतून कान लावला आणि त्याला दर आठवड्याला विकत घेतलेली ती स्वच्छ, सारवलेली शांतता तेवढी ऐकू आली. मावशीने सवयीने त्या डब्यातलं ताटात वाढलं आणि ताट त्याच्या हातात दिलं. "घे. तू खा." त्याने एक घास तोंडात घातला. खारट, आंबट, तिखट; प्रत्येक चव वेगवेगळी, बरोबर, यादी वाचल्यासारखी. दुसऱ्या घासाला मळमळलं. सगळे पाहत होते, पण त्याच्याकडे आई पाहत होती तसं कोणी पाहत नव्हतं. तिने भिंतीवरून मान वळवली होती आणि तिच्या डोळ्यांत ते जुनं, चिंबोरीच्या वेळचं काहीतरी उजळू पाहत होतं. दीपेशने घास गिळायचा प्रयत्न केला. मग तो मोरीकडे धावला.

तो तोंड पुसून आला तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते.

माणसं उन्हं उतरल्यावर गेली. डबे ठेवून घेताना मनस्वीला फ्रिजमध्ये जागा करावी लागली. जिन्यात मामा त्याला एवढंच म्हणाले, "तुझ्या बापाच्या वेळेला आमाला कळत नव्हतं. तुमाला कळतंय." तो वर आला, पेजेची वाटी घेतली आणि आईच्या खोलीत गेला. ती कुशीवर होती. त्याने पलंगाशी बसून पाहिलं, पहिल्यांदाच, भिंतीवरचं कॅलेंडर पाहावं तसं नव्हे तर एकेक करून: मनगट, गळ्याच्या खालचे खळगे, कानांत सैल झालेल्या कुड्या. हे एका आठवड्यात झालेलं नव्हतं. तो रोज समोर बसून जेवत नव्हता आणि ती रोज समोर बसून जेवत नव्हती, आणि दोघं एकमेकांना जेवलो, जेवली असं सांगत होते.

"आई," तो म्हणाला. त्याला जाणवलं, की हा प्रश्न तो जन्मात पहिल्यांदा विचारतो आहे. "जेवलीस का?"

तिने डोळे उघडले नाहीत, मानही हलवली नाही. शब्द गुळगुळीत होऊन बाहेर आला.

"जेवली."

त्याचाच सूर. पेजेवर साय धरली. मग त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "बरं." आणि तो उठला.

बाहेर मनस्वी फ्रिजच्या दारात उभी होती. इंजेक्शनचा खोका डब्यांमुळे वरच्या कप्प्यात गेला होता; तिने तो शोधून काढला होता. खोका आणि कापूस तिच्या हातात होते. टोमणा मारावा असं तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

"आज रविवार," ती म्हणाली. "घेणार आहात?"

डॉक्टरांनी सांगितलं होतं, बंद केलंत तर भूक परत येते. एकटी येत नाही, दुपटीने येते. दीपेशने उघड्या फ्रिजकडे पाहिलं. डब्यांमध्ये निवट्या होत्या, चिंबोऱ्या होत्या, वाल होते, आणि त्यांच्या मागे अजून काय काय होतं. एक आठवडा सुई चुकवली, तर ते सगळं एकेक करून आत शिरेल. पत्र्याला भोक पडेल, आणि आतला काळोख भिजायला लागेल. आतल्या खोलीत आई खोकली.

"उद्या सकाळी आठला नंबर लावलाय आईंचा," मनस्वी म्हणाली. "तुमच्याच डॉक्टरांकडे. तपासण्या आहेत, रिकाम्या पोटी आणा म्हणालेत."

"हं," तो म्हणाला.

त्याने फ्रिजचं दार लावलं, दिव्याखाली सरकला आणि शर्ट वर केला.